बारादिवशीचा पत्ता

मुंगी मंगळवारी संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या बुटांना पूर्वेच्या टेकडीची तांबडी माती होती. ती माती बघितली आणि मी सरळ स्वयंपाकघरात गेले. चहा टाकायचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर मला तिचं तोंड बघायचं नव्हतं.

मुंगी म्हणजे माझी भाची, थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी दिवसभर काही ना काही ओढत घरभर फिरायची, म्हणून मुंगी. आता तेहतीस वर्षांची झाली, नावामागे डॉक्टर लागलं, पण घरात मुंगीच. सहा वर्षांपूर्वी ती मी काम करते त्याच वनस्पती संग्रहालयात लागली आणि माझ्याकडेच राहायला आली. बहीण फोनवर म्हणते, "तूच तिला या नादी लावलंस, आता तूच निस्तर." नादी मी लावलं हे खरं आहे. सुट्टीत ती माझ्याबरोबर कामावर यायची आणि माझ्या टेबलाखाली बसून टीपकागदात गवताच्या काड्या दाबायची.

"नाही सापडली," ती बाहेरच्या खोलीतूनच म्हणाली. गुडघ्याचा पट्टा सोडवल्याचा आवाज आला. "एक पान नाही, एक कळी नाही. फुलायच्या बारा दिवसांतले नऊ दिवस मी त्या टेकडीवर नुसती रांगतेय, मावशी. हे तिसरं वर्ष."

"साखर कमी घालू का?" मी विचारलं.

दुसरं काय बोलणार? ती जे शोधत होती ते त्या टेकडीवर नव्हतंच. कधीच नव्हतं. आणि हे जगात फक्त मला माहीत होतं.

आमचं संग्रहालय काचेच्या पेट्या आणि तिकिटाची खिडकी असलेलं नाही. एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, आणि नाकात बसलेला डांबराच्या गोळ्यांचा वास. कपाटांत वाळवलेली झाडं आहेत, प्रत्येक एका जाड कागदावर. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. जंगलातून आलेलं झाड दाबून वाळवलं की माझ्या टेबलावर येतं. मी ते कागदावर बसवते, देठाला दोन-चार टाके घालते, आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल लिहून चिकटवते. झाडाचं नाव, तारीख, आणणाऱ्याचं नाव आणि ठिकाण. चौतीस वर्षं हेच करते आहे. माझं शिक्षण बेताचं, पण अक्षर असं की छापलेलं वाटावं. शहाणी शहाणी माणसं लांबून येतात, ते लेबल वाचतात आणि त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. सापडलं कुठे, हे झाड स्वतः थोडंच सांगणार आहे?

मुंगी शोधत होती ती फुलझाडाची जात शास्त्रात दीड ओळीच्या नावाची आहे. आम्ही खोलीत तिला बारादिवशी म्हणायचो. जमिनीखाली छोट्या कांद्याएवढा कंद असतो. आधी फूल येतं, मग पान. पांढरं फूल, आत गळ्याशी जरा गुलाबी. वर्षातून बारा दिवस फुलते, पंधरवड्यात पानंही जातात, आणि बाकीचं वर्षभर मातीखाली गुपचूप पडून राहते. सगळ्या जगात ती फक्त आमच्या नदीच्या आसपास उगवते. शोधली सरांनी. सर म्हणजे आमच्या खोलीचे प्रमुख. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पहिल्यांदा त्यांना ती एकतीस वर्षांपूर्वी जुन्या पुलाजवळच्या तळ्याच्या काठी मिळाली. मी नवीन होते, उत्साह उतू चालला होता. लेबलवर सगळं नीट लिहिलं: पुलापासून किती पावलं, तळ्याचा कोणता काठ. पुढच्या वर्षी एक गृहस्थ आले. निवृत्त शिक्षक, फुलांची आवड, बोलणं मऊ. मी कपाट उघडलं, त्यांना बसायला खुर्ची दिली, चहाही पाजला. त्यांनी वही काढून लेबल उतरवून घेतलं. त्यानंतरच्या मोसमात सर तळ्यावर गेले तर तिथे नुसते खड्डे. सर म्हणाले, तीनशे मोजले आणि मग मोजायचं सोडलं. दुर्मीळ कंद कुंडीत लावण्यासाठी वाटेल ते मोजणारी हौशी माणसं असतात, आणि त्यांच्यासाठी खणणारी माणसंही असतात, हे मला तेव्हा कळलं. सर माझ्यावर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "चहापण दिला होतास?"

पहिल्या शोधानंतर चार वर्षांनी सरांना ती पुन्हा सापडली. नदीच्या पश्चिमेच्या टेकडीवर, एका कड्याच्या पायरीवर, दोनशेच्या आसपास. एकच झाड कंदासकट आणलं होतं. ते मी शीटवर चढवलं आणि लेबल घेऊन सरांसमोर बसले. सर खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी मीच म्हणाले, "सर, पूर्व लिहू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठले, स्वच्छ असलेला कप पुन्हा धुवायला घेऊन गेले. मी लिहिलं, 'नदीच्या पूर्वेची टेकडी'. सरांनी नंतर जो लेख छापला त्यातही पूर्वच आलं.

दोन वर्षांनी पूर्वेच्या टेकडीवर खड्डे पडले. उघड्या मातीत, काही हाती न लागलेले खड्डे. आम्ही दोघं त्या दिवशी इतके हसलो की वरच्या मजल्यावरचा शिपाई काय झालं बघायला खाली आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, सर म्हणाले. पुढे सर निवृत्त झाले, मग गेले, आणि मूठ माझ्या एकटीच्या हातात राहिली.

मग तीन वर्षांपूर्वी यादी आली. दर काही वर्षांनी एक समिती ठरवते की कोणती वनस्पती किती धोक्यात आहे. किती झाडं उरली, किती जागेत, वाढताहेत की घटताहेत, हे मोजून प्रत्येकीला एक दर्जा देतात. कागदावरचा खेळ वाटतो, पण कुठे खणायचं आणि कुठे नाही हे त्यावर ठरतं. बारादिवशीची फाईल मुंगीच्या वाट्याला आली. ती जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत खाली आली होती. "मावशी, तुझ्या हातचं लेबल. तू मला हे शीट लहानपणी दाखवलं होतंस, आठवतं?"

आठवत होतं. ती सहा-सात वर्षांची असेल, गोंद अजून ओला होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं, शोधू दे एक मोसम, नाही मिळणार, फाईल बंद होईल, आणि पश्चिमेची फुलं बिनघोर राहतील. कुणाला काही कळायला नको आणि कुणाचं काही बिघडायलाही नको. पहिल्या मोसमाच्या शेवटी तिने विचारलं, "मावशी, पलीकडची टेकडी पण बघून घेऊ का? माती वेगळी आहे, पण तरी." मी शीटला टाका घालत होते. मान वर न करता म्हणाले, "नोंद पूर्वेची आहे ना?"

हे खोटं नव्हतं. नोंद पूर्वेचीच होती. असली वाक्यं बोलायला फार अक्कल लागते, आणि ती अक्कल माझ्याकडे नको तितकी आहे.

तिने पहिला अहवाल लिहिला आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे दिला. त्यात एक वाक्य होतं: 'ही वनस्पती केवळ नदीच्या पूर्वेच्या टेकडीवर नोंदलेली असून पश्चिमेकडे तिची नोंद नाही.' मी त्यात एक स्वल्पविराम घातला आणि अहवाल परत केला. पश्चिमेच्या टेकडीवर खडीच्या खाणीसाठी कुणाचा तरी अर्ज पडून होता, हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. पण सहा महिन्यांनी त्याच वाक्याचा आधार घेऊन परवानगी मिळाली तेव्हा कळलं, आणि तेव्हाही मी बोलले नाही.

तेव्हापासून रोज सव्वाबाराला तिकडे सुरुंग उडतो. आमच्या खोलीत टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हलतं. आमचा शिपाई म्हणतो, "चला, जेवायची घंटा झाली." सगळे डबे काढतात. मी दीड वर्षात त्या आवाजानंतर एक घास धड खाल्लेला नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे तर न खाताही खवखवत होतं.

दुसऱ्या वर्षी मुंगी पूर्वेच्या टेकडीवरून घसरली आणि तिचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली. दोन महिने मी तिला धरून न्हाणीघरात नेलं, आणलं, रोज पाय चोळला. ती म्हणायची, "आईनंही एवढं केलं नसतं." मी म्हणायचे, "गप्प पड." आणि मनात म्हणायचे, अगं, तो पाय मीच मोडलाय.

आता म्हणाल, एवढं होतं तर तोंड का नाही उघडलं? मी स्वतःला कारणं देत होते आणि कारणं काही वाईट नव्हती. सरांच्या नावावर चार हजार शीटं आहेत. एक लेबल खोटं निघालं की लोक उरलेली तीन हजार नऊशे नव्व्याण्णव संशयानं बघणार. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. शिवाय चार महिन्यांनी मी निवृत्त होणार होते. हे सगळं खरं. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी मुंगी जेवायच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. समितीचा फॉर्म शुक्रवारी पाचच्या आत जायचा होता. मी समोर ताटं मांडत होते.

"ऐक, बरोबर वाटतंय का," ती म्हणाली आणि वाचायला लागली. "'शेवटची नोंद सत्तावीस वर्षांपूर्वीची. सलग तीन मोसम शोध घेतला. आढळली नाही. दर्जा: बहुधा नामशेष.'" मग थांबून म्हणाली, "बहुधा शब्द ठेवायचा ना? आपले साहेब म्हणत होते काढून टाक."

"साहेबांना काय घाई आहे?"

"खाणवाल्यांना उरलेली अर्धी टेकडी हवी आहे. त्यांचा अर्ज या फॉर्मसाठी अडलाय. नदीच्या दोन्ही बाजूंना काही नाही असं एकदा लिहून दिलं की सोमवारी मोकळे." तिने चष्मा काढून डोळे दाबले. "मला ती एकदा जिवंत बघायची होती गं. आणि नाही आहे म्हणून सही मलाच करावी लागतेय."

त्या टेबलावर आम्ही दोघी जेवलो. मी तिला वाढत होते आणि ती नको म्हणत होती. जेवताना ती काहीतरी विनोद सांगत होती, शिपायाच्या जावयाचा, आणि मी हसलेसुद्धा.

गुरुवारी सकाळी ती बूट घालत होती. गुडघा वाकत नाही म्हणून डावा बूट तिला उभ्यानं घालता येत नाही, खुर्चीच्या कडेवर पाय टेकवून नाडी बांधावी लागते. मी रोज बघते. त्या दिवशी बघवलं नाही.

"ती पूर्वेला नाहीये," मी म्हणाले. "पश्चिमेला आहे. लेबल चुकीचं आहे. मुद्दाम चुकीचं लिहिलेलं आहे."

तिची नाडी तशीच हातात राहिली. मी तळ्याचं सांगितलं, खड्ड्यांचं, चहाचं. मग म्हणाले, "सरांनी सांगितलं, पूर्व लिही म्हणून." हे माझ्या तोंडून कसं आलं मला कळलं नाही. तीन वर्षांनी एकदाचं खरं बोलायला तोंड उघडलं आणि त्यातही मेलेल्या माणसाच्या माथी मारून मोकळी झाले.

मुंगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दोनच प्रश्न विचारले. "माझा पहिला अहवाल तू वाचलास तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"त्यात तू स्वल्पविराम घातलास."

"हो."

"आणि माझा गुडघा..." एवढं म्हणून ती थांबली. नाडी बांधून पूर्ण केली, गाडीची किल्ली उचलली. "चल. जागा दाखव."

मी ती जागा कधी पाहिली नव्हती. सरांनी सांगितलेलं तेवढं पाठ होतं: नदीकडे तोंड केलेला कडा, वरून तिसरी पायरी, तिच्यावर एक कललेला मोठा दगड. गाडीत बसलो. तिने रेडिओ लावला आणि लगेच बंद केला.

खाणीच्या फाटकापाशी एक पहारेकरी होता. मुंगीने ओळखपत्र दाखवलं, त्याने आम्हाला शिरस्त्राणं दिली. माझं मोठं होतं, सारखं डोळ्यांवर यायचं.

"इथे पांढरी फुलं बघितलीत कधी? याच दिवसांत येणारी?" मुंगीने विचारलं.

"बुटकी ना? जमिनीलगत?" तो म्हणाला. "होती की. गेल्या साली त्या अंगाला सगळी कड पांढरी होती. बायकोला दोन नेऊन दिली होती मी." त्याने हात केला तिकडे आता कड नव्हतीच. उभा कापलेला पिवळट दगड होता आणि खाली दोन ट्रक उभे होते. "तुम्ही आधी यायचं ना, मॅडम."

मी शिरस्त्राण सारखं करायच्या निमित्ताने मान खाली घातली.

अर्धी टेकडी अजून उभी होती. आम्ही मागच्या बाजूने चढलो. ती काठी टेकत पुढे, मी धापा टाकत मागे. सुट्या दगडांवर माझा पाय सरकला तेव्हा तिने मागे न बघता हात मागे केला. मी धरला. वर पोचल्यावर तिने तो सोडवून घेतला आणि पँटला पुसला. कदाचित घाम असेल.

कललेला दगड सापडला. तिसऱ्या पायरीचा निम्मा भाग गेलेला होता, पण नदीकडचा निम्मा शिल्लक होता, आणि त्याच्यावर ती होती.

एकतीस वर्षं मी तिला सुकलेली, तपकिरी, दोऱ्यानं बांधलेली बघत होते. तिला वास असतो हेही मला माहीत नव्हतं. सरांनी कधी सांगितलं नाही, आणि वाळल्यावर तो राहत नाही. हलका वास होता, नुकत्याच धुतलेल्या कपड्यांसारखा. पाकळ्यांवर खडीची भुकटी बसली होती.

मुंगीने गुडघा लांब सोडून जमिनीवर बसकण मारली. नाक पुसलं. मग खिशातून कागदाचे तुकडे काढले आणि एकेका झाडाशेजारी एकेक दगडाखाली दाबत मोजायला लागली. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एकोणीस.

मला वाटलं, आता तरी खरं पूर्ण सांगावं. "सरांनी नव्हतं सांगितलं," मी म्हणाले. "मीच विचारलं, पूर्व लिहू का म्हणून. ते काही बोलले नाहीत. शब्द माझा आणि अक्षर माझं."

ती वहीत लिहीत राहिली. "बरं. आणि ही तीन वर्षं? सरांना जाऊन नऊ वर्षं झालीत. मी घरात होते. रोज समोर बसून जेवत होते. का नाही सांगितलंस?"

"सरांचं नाव..."

"ते नको," ती म्हणाली. "ते मला समजतं. दुसरं काहीतरी आहे."

तिला लहानपणापासून हे कळतं. मी खाऊ लपवायचे तेव्हाही कळायचं.

"तुम्ही सगळे शिकलेले," मी म्हणाले. "वर बसता. खाली येता, कपाट उघडायला सांगता, बघता, जाता. मी दारं उघडते आणि लावते. ही एकच गोष्ट होती जी मला माहीत होती आणि तुम्हा कुणाला नव्हती. तू हात हलवत परत आलीस की मला वाईट वाटायचं. मनापासून वाईट वाटायचं, मुंगे. पण आत कुठेतरी बरंही वाटायचं. एवढी डॉक्टर, तिलाही सापडत नाही, आणि मला घरबसल्या माहीत आहे."

हे मी स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते. बोलल्यावर असं वाटलं की त्या कड्यावरून कुणी ढकलून दिलं तर चांगलं होईल. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं बघणं होतं. लहानपणी माझ्या टेबलाखालून बघायची तसं नव्हे. एखादं नवीन झाड आलं की ते कोणत्या कुळातलं हे ठरवताना बघते तसं.

"पाय बघ," ती शेवटी म्हणाली. "एकीवर पडेल."

मी पाय मागे घेतला. खालून भोंगा वाजला, पहारेकरी हात हलवून खाली या म्हणत होता. सव्वाबाराची वेळ झाली होती. आम्ही खाली उतरून भिंतीआड उभ्या राहिलो. खोलीत पाण्याचा पेला हलवणारा तो आवाज पहिल्यांदा जवळून ऐकला. वर धुळीचा लोट उठला आणि हळूहळू सगळ्यावर बसला.

त्या दुपारी मुंगीने समितीला फोन केला. फोटो पाठवले, मोजणी पाठवली. संध्याकाळपर्यंत खाण तात्पुरती थांबवायचा आदेश निघाला. दोन महिन्यांचा. पुढचं सुनावणीनंतर. आमचे साहेब तिला केबिनमध्ये बोलावून बराच वेळ बोलले. दार बंद होतं. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झालेले होते. पहिल्या अहवालावर सही तिची होती, माझी नव्हती. स्वल्पविरामाला कुणी सही करत नाही.

शुक्रवारी ती फॉर्म भरायला खाली, माझ्या टेबलाशी आली. घरात आम्ही आदल्या दिवसापासून कामापुरतंच बोलत होतो, पाणी आलं का, दिवा मालव. मला वाटलं ती माझ्याजवळ बसायला आलीय. तिला जुनी शीटं बघायची होती म्हणून आली होती.

एकेक रकाना भरत होती. फुलावर आलेली झाडं: एकोणीस. आधीची संख्या: अंदाजे दोनशे. मला विचारलं, "नक्की दोनशे? कुणी सांगितलं?" मी म्हणाले, "सरांनी. हे खरंच सरांनी." तिने लिहिलं. जागा: एका खोलीएवढी. घट: चालू आहे. दर्जा: अतिसंकटग्रस्त. याच्याखाली फक्त नामशेषच्या पायऱ्या उरतात.

मग पहिला अहवाल मागे घेण्याचं पत्र. तिने लिहिलं होतं, 'मूळ नोंदीतील ठिकाण चुकीचे असल्याने'.

"चुकीचे नको," मी म्हणाले. "खोटे लिही. आणि माझं नाव घाल."

"घातलंय," ती म्हणाली. "दुसऱ्या परिच्छेदात आहे. वाच."

मी वाचलं. नाव होतं, हुद्दा होता, मी काय केलं ते दोन सरळ वाक्यांत होतं. मावशी असल्याचा उल्लेख नव्हता. सर त्यात कुठेच नव्हते. मला काही दुरुस्त करायला सापडलं नाही.

ती फॉर्मच्या शेवटाकडे गेली आणि थांबली. "हा रकाना बरा आहे," ती म्हणाली. "'ठिकाण जाहीर करू नये.' इथे खूण केली की ठिकाण समितीला कळतं, बाहेर कुणालाच नाही. कंद खणणाऱ्यांना नाही, कुणालाही नाही. शीट खालच्या कपाटातून काढून वर साहेबांच्या खोलीत कुलपात ठेवतात." मग तिने मान वर केली. आवाज एकदम साधा होता. दोन दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी भाचीसारखी बोलत होती. "मावशी, तुमच्या वेळी असं काही नव्हतं ना? म्हणून तुम्हा दोघांना खोटं लिहावं लागलं. म्हणजे दुसरा काही मार्गच नव्हता."

ती मला दार उघडून देत होती. मी नुसतं 'नव्हतं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिला ते हवं होतं. तिला माझ्याकडे परत यायला एवढंसं काहीतरी हवं होतं, आणि सत्तावीस वर्षांपूर्वीचं कोण तपासायला जाणार होतं?

आमच्या वेळी पिवळी चिठ्ठी होती. छापील. 'ठिकाण राखून ठेवले आहे.' लेबलच्या जागी ती लावायची आणि शीट वर कुलपात द्यायचं. मी माझ्या हातांनी तशा अकरा चिठ्ठ्या लावल्या होत्या, दुसऱ्या झाडांना. त्या दिवशीही गठ्ठा माझ्या खणात होता, गोंदाच्या बाटलीशेजारी. सर खिडकीतून बाहेर बघत होते तेव्हा माझा हात आधी त्या खणाकडेच गेला होता. पण चिठ्ठी लावली असती तर शीट वर गेलं असतं. मग ती आमची राहिली नसती. बघायची झाली तर आम्हालाही अर्ज करावा लागला असता.

"होतं," मी म्हणाले.

मुंगीने नजर पुन्हा फॉर्मवर नेली. मग तिने रकान्यात खूण केली, शीट माझ्यासमोरून उचललं आणि वर घेऊन गेली.